बग्गीतला आठवा हात

५ फेब्रुवारी
बऱ्हाणपूरला पोचलो. नंदकुमारशेठ स्वतः स्टँडवर आले, आधी माव्याची जिलेबी खाऊ घातली आणि मगच कामाचं बोलले. माणूस बरा दिसतो. त्यांच्या पणजोबांची बग्गी केळीच्या गोदामात पडून आहे. साग अजून टणक. चाकाचे दोन आरे गेलेत, चाकावरची लोखंडी धाव गंजली आहे. एप्रिलमध्ये नातीची पाठवणी यातूनच करायची, असा शेठांचा हट्ट. करून देतो म्हटलं. धुळे सोडल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

९ फेब्रुवारी
आरे बसवले. दाराच्या आतल्या बाजूला पिवळट, तेलकट डाग होते, सात. पॉलिशपेपरने घासून लख्ख केले. माझ्या हातून डाग सुटत नाही.

१० फेब्रुवारी
शेठांच्या आत्या गोदाबाई बग्गी बघायला आल्या आणि दार धरून रडायलाच लागल्या. ते डाग नव्हते. या घरची लेक सासरी निघताना दाराला आतून हळदीचा हात उमटवायची. मेल्यावरही ती त्याच खुणेवर माहेरी येते म्हणे. “काय करून बसला रे बाबा? आता त्या पोरी घर कसं पहचानतीन?”
मी पाया पडून माफी मागितली. मलाही लेक होती. माझी गायत्री हळदीच्या आदल्या दिवशी तापाने गेली. मी तेव्हा इंदूरला दुसऱ्याच्या लग्नाची बग्गी रंगवत होतो. तिचा फोन आला, तर रंग वाळला की निघतो म्हणालो.

१२ फेब्रुवारी
सकाळी दाराला ओली हळद. एक हात. शेठ म्हणाले, घरात कुणी हळद कालवलेली नाही. पुसून टाकला. दुपारी दोन हात होते.

१४ फेब्रुवारी
सात हात झाले. भर दुपारी बग्गी खालच्या कमानींच्या स्प्रिंगांवर दबते, कुणी चढल्यासारखी. आतून दार चाचपल्याचा आवाज येतो. गोदाबाई म्हणाल्या, सगळ्या पोचल्या, आता पुसू नको.

१५ फेब्रुवारी
आठवा—
करंगळी वाकडी. तिच्या लहानपणी माझ्याच हातोडीखाली आली होती ती. या घरची नाही ही. हिला हात उमटवायला दुसरं दारच मिळालं नाही—

१६ फेब्रुवारी
शेठ म्हणतात, गावी जा. गावी कोण आहे—
बग्गीला बाहेरून दिलेला रंग अजून ओला आहे. आता वाळायची वाट बघणार नाही—
दार उघडलं. ती सरकून बसली, शेजारी जागा ठेवून. हळदीचा हात पुढे केलाय. किती गार आहे गं—
फक्त पायरीपर्यंत जातो. पाठवणी बापानेच