स्टँडवर उभा असलेला भाऊ

प्रिय अक्का,

शरणार्थ.

काल मी परत आले. हैदराबादला विमानातून उतरले, तिथून बस धरली आणि दुपारी लातूरच्या घराचं कुलूप उघडलं. मन्मथला पुण्याला फोन केला. शेजारच्या काकूंना सांगितलं, शाळेतल्या बायकांच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकलं. चहा ठेवला आणि एकदम आठवलं, एक कळवायचं राहिलंच! तुझा नियम होता ना, जो कुठं जाईल त्यानं पोचल्याचं कार्ड टाकायचं? निलंग्याहून औशाला गेलं तरी! कित्येकदा कार्डाच्या आधी माणूसच घरी परत यायचं, पण तू कार्ड सोडलं नाहीस. म्हणून हे पत्र. पोचले गं, अक्का. व्हिएतनामला जाऊन आले, सुखरूप.

हो, एकटीच! डोळे मोठे करू नकोस. जायचं तर आपण दोघींनीच ठरवलं होतं. हे गेल्यापासून तू माझ्याकडे राहायला आलीस, दोघीही रिटायर, दोघींनाही टीव्हीचा नाद. त्यावर व्हिएतनामच्या खाडीतले डोंगर बघून तूच म्हणालीस, "नंदे, हे बघायचं. पण टूरवाल्याच्या झेंड्यामागं पळायचं न्हाई. आपल्या पायानं बघायचं." पासपोर्टच्या फोटोला तो फोटोवाला सांगून थकला, मावशी हसू नका, हसू नका. तुझं तोंड काही मिटेना.

आणि मग काय केलंस? छातीत दुखतंय हे एका शब्दानं बोलली नाहीस. 'न सांगता कुठं जायचं न्हाई' हे मला जन्मभर शिकवलंस, आणि स्वतः न सांगता निघून गेलीस. याचा राग अजून माझ्या पोटात आहे. पत्रात लिहिते, म्हणजे मी विसरले असं समजू नकोस.

मन्मथ तर हटूनच बसला होता. "आई, ग्रुपनं जा." मी म्हटलं, तुझ्या मावशीला झेंडा नको होता. शेवटी म्हणाला, "जा. पण एक जरी गडबड झाली, तर पुन्हा एकटीनं जायचं नाव काढायचं नाही." मी हाव म्हटलं. काय करणार? या वयात पाय चालताहेत तोवर हिंडायचं, एवढीच एक गोष्ट मला हवी होती, आणि ती आता एका प्रवासावर टांगलेली.

पण तुला खरं सांगू? मला भीती नव्हती. मी शिकलेलीच होते की सगळं! तुला आठवतं, लातूर नवा जिल्हा झाला ते दिवस? तोवर कचेरीचं काम निघालं की उस्मानाबाद गाठावं लागायचं. मग लातुरातच कचेऱ्या उघडल्या, तुला नोकरी लागली, मला डी.एड.ला जागा मिळाली आणि आपण दोघी खोली करून राहिलो. शनिवारी निलंग्याला, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत. त्यात पावसानं ओढ दिलेली. खोलीच्या नळाचा भरवसा नाही, म्हणून तू निलंग्याहून पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन यायचीस. कंडक्टर म्हणायचा, "ताई, डब्यात तूप हाय का काय?"

तेव्हाच तू मला एकेक शिकवलंस. अनोळखी गावात उजेडात पोचायचं. परकराला चोरखिसा, आणि त्याला बाहेरून हात लावून बघायचं नाही, नाहीतर बघणाऱ्याला जागा कळते. पत्ता विचारायचा तो पोरंबाळं असलेल्या बाईला किंवा दुकानात बसलेल्याला, आपण होऊन मदतीला आलेल्याला नाही. आणि सगळ्यात वर आपला बसवराज!

आजही हसू येतं. एसटीत कोणी खोदून विचारलं, "लातूरला कोण हाय तुमचं?" की तू चेहरा जरासुद्धा न हलवता सांगायचीस, "भाऊ हाय. बसवराज. स्टँडवर यायलाय." आपण दोघीच बहिणी, भाऊ कुठला! पण पहिल्या महिन्यात बसू तालमीत जायला लागला. दिवाळीपर्यंत तो पोलिसात लागला. उन्हाळ्यात त्याला जीप मिळाली. मीसुद्धा खिडकीतून मान काढून त्याला शोधायचे, इतका तो पटला होता.

आणि एसटीत भेटणारी ती औशाची मावशी! तिला बसूसाठी आपली भाची सुचवायची होती. तू घाईघाईनं म्हणालीस, "त्याचं ठरलंय." पुढच्या सोमवारी ती पुन्हा शेजारी. "झालं का लगीन?" झालं. मग वर्षाच्या आत बसूला मुलगाही झाला, कारण ती मावशी काही पिच्छा सोडेना.

तुला काय ठाऊक, की ती निलंग्याला कापड घ्यायला नेमकी अप्पांच्याच दुकानात जाईल! बोलता बोलता ओळख निघाली आणि तिनं अप्पांचं तोंडभरून अभिनंदन केलं. "नातू झाला म्हणं, पेढे कुठं हायती?" आपण दोघी दुकानाच्या मागच्या खोलीत. आता अप्पा काय म्हणतील? खोटं पकडलं तर लातूर बंद, नोकरी बंद, शिक्षण बंद! अप्पा खण मोजता मोजता म्हणाले, "हाव. लई गुटगुटीत हाय. बापावर गेलंय."

मावशी गेल्यावर त्यांनी आपल्याला बोलावलं. "कोण गं ह्यो बसवराज?" तू मान खाली घालून सगळं सांगितलंस. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बराच वेळ कापड मोजायच्या गजावर हात ठेवून बसले. दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून द्यायला आले आणि खिडकीशी येऊन, चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बसूला निरोप सांगा. म्हणावं, पोरींना घ्यायला येळंवर ये." अक्का, अप्पांचं आपल्यावरचं सगळं प्रेम मला त्या एका वाक्यात सापडतं.

तर असं शिक्षण झालेली बाई मी. तिकीट काढलं ते दिवसा उतरणारं, थोडं महाग पडलं तरी. हॉटेलचं नाव त्यांच्या लिपीत कागदावर छापून घेतलं, फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवला, विमा काढला, पासपोर्टची एक प्रत मन्मथकडे. सोबत शेंगाची चटणी आणि धपाटे. आणि चोरखिसा तुझ्याच हातचा, जुन्या परकराचा उसवून नव्याला लावला.

फजिती झाली ती हैदराबादच्या विमानतळावर. तपासणीत पोरगी म्हणाली, "आंटी, पाण्याची बाटली इथं टाकून द्या." टाकून? भरलेली बाटली? ज्या गावानं रेल्वेनं आलेलं पाणी पुरवून पुरवून प्यायलं, त्या गावची मी, आणि कचऱ्याच्या डब्यात पाणी ओतू? मी तिथंच उभी राहून अख्खी बाटली पोटात घातली. मागची रांग बघत राहिली. नंतर विमानात खिडकीची जागा मिळाल्याचा काय पश्चात्ताप झाला म्हणून सांगू!

आता खरी गोष्ट ऐक. हनोईला उतरले. हॉटेलची गाडी येणार होती, ती शोधत उभी, तेवढ्यात एक स्वच्छ शर्टातला माणूस आला. "नमस्ते मम्मी!" म्हणाला आणि वाकून बॅग उचलली. आपल्याकडं कोणी वाकून मान दिला की नाही म्हणवतं का? मी मागोमाग गेले. आपण होऊन मदतीला आलेल्याबद्दलचा तुझा नियम विमानातच राहिला बघ.

गाडीत बसल्यावर मी हॉटेलच्या नावाचा कागद दाखवला, तर त्यानं फोन केला, काही बोलला आणि मला म्हणाला, "मम्मी, युवर हॉटेल, नो वॉटर. क्लोज्ड. आय टेक यू गुड हॉटेल." पाणी नाही! जगात सांगायला एवढी कारणं, आणि यानं लातूरच्या बाईला हे सांगावं? मला हसूच फुटलं. म्हटलं, "नो वॉटर, नो प्रॉब्लेम. आय अॅम फ्रॉम लातूर." त्याला काय कळणार! पण मग फोनवर पाहिलं, तर आमचा निळा ठिपका हॉटेलपासून लांब चालला होता. हसू थांबलं. रस्ता रिकामा व्हायला लागला. मन्मथचे शब्द आठवले.

मी फोन कानाला लावला. ठरवलं होतं बसूला बोलवायचं. एवढी वर्षं सांभाळलेला धट्टाकट्टा भाऊ, पोलिसातला! पण तोंडातून निघालं, "अक्का?"

मग थांबताच येईना. मोठ्यानं, निलंग्याच्या स्टँडवर बोलावं तसं. "हाव अक्का, गाडीत हाय. हाव, बसले. ड्रायव्हर म्हणायलाय हॉटेल बंद हाय. तू हॉटेलातच हायस न्हवं? मग? तू खाली येऊन दारात उभी ऱ्हा. गाडीचा नंबर सांगते, लिवून घे." नंबर मी इंग्रजीत, एकेक आकडा सावकाश वाचला. मग त्याचं नाव वाचलं, दोन्ही समोरच्या पट्टीवर होतं. पुढं म्हटलं, "माय सिस्टर इज वेटिंग. विथ मॅनेजर." फोनात काही नव्हतं गं. पलीकडे कोणी नव्हतं. तरी मी मध्ये थांबून ऐकत होते, आणि तू काय म्हणत असशील ते मला ऐकू येत होतं.

त्यानं आरशातून पाहिलं. पुढच्या चौकात गाडी वळली. ठिपका हॉटेलकडं सरकायला लागला.

हॉटेल उघडं होतं, नळाला धो धो पाणी होतं. बॅग मी स्वतः उतरवून घेतली. तो माणूस मात्र निघून न जाता दाराकडं बघत राहिला, माझी बहीण कुठं आहे म्हणून. आणि अक्का, मीही पाहिलं. खरंच पाहिलं. खोलीत जाऊन पोटभर रडले, मग धपाटा आणि चटणी खाल्ली आणि तळ्याकाठी फिरायला गेले. पुढचे सगळे दिवस झकास गेले. ते डोंगरही पाहिले, होडीतून, अगदी तुला हवे होते तसे, झेंड्याशिवाय.

काल मन्मथला टॅक्सीचं सांगितलं. लपवलं असतं तर त्याला कळलंही नसतं, पण न सांगण्यानं काय होतं ते तू मला दाखवून गेलीस. मला वाटलं, झालं, संपलं माझं हिंडणं! मग विचारतो कसा, "आई, गाडीचा नंबर खरंच वाचलास?" म्हटलं, हाव. "आणि मावशी खाली उभी आहे म्हणालीस?" हाव. तो म्हणाला, "मग पुढचं कुठं जायचं ठरवलंय?"

तर अक्का, माझा शब्द घे. जाईन तिथं उजेडात पोचेन, बॅग कुणाच्या हाती देणार नाही, कितीही गोड नमस्ते केला तरी. कुठं निघाले ते मन्मथला सांगून जाईन आणि पोचले की तुला कळवीन. तिकडं अप्पा भेटले तर माझा एवढा निरोप सांग. म्हणावं, बसू आता रिटायर झाला. नंदीला घ्यायला आता अक्का येते.

तुझी धाकटी,
नंदा