उघड्या खिडकीतली रोपं

ताया,

मंगळवारी तुझी आई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा रईसाआत्या म्हणाली, "खिडकी उघड रे प्रोखोर, तिचा जीव काय बंद काचेतून जाईल?" मी उघडली आणि तसाच बसून राहिलो. बाहेर उणे बावीस अंश होतं. त्याच खिडकीत आईची टोमॅटोची रोपं होती, हे डोक्यातच आलं नाही. आज पाणी घालायला गेलो, तर सगळी उकडलेल्या कोबीच्या पानांसारखी लोळलेली. भांडं हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

आत्याला बोल लावू नकोस. खिडकी मी उघडी ठेवली.

काडेपेटीत आईच्या अकरा बिया उरल्यात. तिचा हा लवकर पिकणारा वाण दुसऱ्या कुणाकडे नाही. "तुझ्यासारखा आळशी टोमॅटो सायबेरियात पिकायचा नाही," असं ती मला म्हणायची. या आठवड्यात पेरलं नाही, तर फळ लाल व्हायच्या आत थंडी गाठेल.

हिवाळ्याआधी भरलेलं मातीचं पोतं गावाबाहेरच्या आपल्या बागेतल्या तळघरात आहे. ते आणायला बसने जातोय. सूप केलंय, गरम करून घे.

बिया अजून पेरायच्या आहेत. किती खोल, ते मी तिला कधी विचारलं नाही.

बाबा