रेघ आणि फुली

बाबा, जर्मन नावाचा धातू नसतो. तुम्ही होता तोवर हे सांगून मी थकले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी परवा इतवारीतला भांडेवाला म्हणाला, "बाई, हा जर्मनचा गंज न्या," आणि माझं डोकं फिरलं. अल्युमिनियम म्हणजे काय ते त्याला सगळं ऐकवलं. तो बिचारा हातातलं ते पातेलं पुसत उभा राहिला. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडत होते.

कळमेश्वरच्या आपल्या शेडमध्ये तेव्हा मोडीचा ढीग छपराला टेकायचा. चेपलेली पातेली, बिनकानाच्या किटल्या, विजेची तार, मोटारींचे पिस्टन. नवा धातू परवान्याशिवाय मिळत नव्हता, वीजकपात लागली की तोही आटायचा, आणि तुम्ही ऐटीत सांगायचात, "अख्ख्या जिल्ह्याचा भात आपल्या भट्टीवर शिजून राहिला." ते खरंही होतं. जुनी भांडी वितळून त्यांच्या लगडी व्हायच्या, कारखान्यात त्या लाटून चकत्या निघायच्या आणि चकत्यांची पुन्हा भांडी. शेडमध्ये तुमचीच लिपी चालायची: टोपल्यावर खडूची रेघ म्हणजे भट्टीत टाका, फुली म्हणजे हात लावू नका. मोड निवडणाऱ्या बायांना अक्षरओळख नव्हती, तुम्हालाही जेमतेमच. मी रसायनशास्त्रात बी. एस्सी. झालेली, मला त्या रेघांची लाज वाटायची. एक दिवस तरी भट्टी माझ्या हाती द्या म्हणून मी किती मागे लागले होते, आठवतं?

शेवटी तुम्ही मोड आणायला पारशिवनीला जाता आणि तो दिवस मला मिळतो. सकाळीच एका टोपल्यात जुन्या गाड्यांच्या दारांच्या मुठी सापडतात. दिसायला अल्युमिनियम, हाताला जड. जस्त. हे रसात गेलं तर लगडी बिघडणार. मी टोपल्याला पुठ्ठा बांधते आणि त्यावर खडूनं ठसठशीत इंग्रजी झेड आणि एन काढते, पुस्तकातली जस्ताची खूण. मोठ्या झोकात काढते. दुपारी टोपलं जागेवर दिसत नाही, तेव्हा कोणीतरी बाजूला ठेवलं असेल असं समजून मी वहीत तापमान लिहीत बसते.

चार दिवसांनी आपल्या लगडी नेणारा कारखानदार कडा फाटलेल्या चकत्या घेऊन आला. ते टोपलं मोड निवडणाऱ्यांतल्या कुहीकडच्या वयस्कर बाईनं भट्टीत टाकलं होतं. तुम्ही तिला विचारलं, "काहून टाकलं वं?"

"रेघा होत्या ना, मालक. तीन-तीन रेघा."

"मग विचारलं काहून नाही?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तुम्ही पुठ्ठा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि सगळ्यांसमोर मला म्हणालात, "एक फुली नाही मारता आली तुले?"

त्या एका वाक्याचा राग मी अजून सोडलेला नाही. पुन्हा तुम्ही मला भट्टीजवळ उभं केलं नाही. जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले आणि जन्मभर पोरांना तीच खूण फळ्यावर काढून शिकवली. भट्टी पोरीचं काम नाही म्हणून बाबांनी मला घालवलं, असं मी नवऱ्याला सांगितलं, मुलींना सांगितलं. तुम्ही तसं कधी म्हणाला नव्हता. ती बाई पुढच्या आठवड्यापासून आलीच नाही. तुम्ही कुहीला निरोप धाडला, तरी नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. बाबा, तिनं विचारलं होतं. त्या दिवशी मी जेवणाचा डबा सोडत होते आणि ती दारात येऊन उभी राहिली. "ताई, त्या टोपल्यावर कायच्या रेघा मारल्या वं?" मी वरसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, "तुले नाही समजणार ते."