टोमॅटोंनी जुळवलेल्या फासळ्या

ती. नुंझियाताईस,

मठाच्या शाळेत आपण दोघी दुपारी पायरीवर बसून वाटाणे सोलायचो आणि निम्मे खाऊन टाकायचो, ते आज उगीचच आठवलं. तुझे गुडघे कसे आहेत? माझं विचारू नकोस, सांगतेच.

गेल्या ऑगस्टमध्ये टोमॅटोच्या रसासाठी रिकाम्या बाटल्या काढताना मी माळ्याच्या शिडीवरून पाठीवर पडले. तीन फासळ्या मोडल्या. गावातले डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे कामाला हात लावायचा नाही. पण चौथ्या दिवशी रस शिजवायचा होता! (वर्षातून त्याच वेळी मुलगे तोरिनोहून येतात.) मी पडून राहिले असते तर कढईपाशी दोनाता नणंद उभी राहिली असती, आणि ती रसात साखर घालते. मग काय, पाठीला चादर करकचून बांधून मी दोन दिवस पळा फिरवला. फासळ्या जुळल्या, पण वेड्यावाकड्या, टेंगळं येऊन. आता हात उचलला की खांद्याचं पातं त्यांच्यावरून कटकट करत जातं. चर्चमध्ये मी क्रूसाची खूण केली की पुढच्या बाकावरची बाई दचकून वळते. केस विंचरायला शेजारीण येते (आणि विंचरता विंचरता गावात कोण कोण गेलं ते सांगते).

शेवटी बारी शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेले. सर्जन लोपाल्कोबाई माझ्या धाकट्याच्या वयाच्या. पाठ चाचपून म्हणाल्या, "मावशी, या फासळ्या जुळवल्या कुणी?"

"टोमॅटोंनी."

"मग आता माझं ऐका. टेंगळं तासायची, वाकडी फासळी पुन्हा कापून पट्टीने सरळ बसवायची. नंतर सहा आठवडे हात झोळीत."

"ऑगस्टनंतर केलं तर?"

"गेल्या वर्षीही ऑगस्टच होता ना, मावशी?"

मंगळवारी ऑपरेशन आहे. मुलांना कळवलेलं नाही. मी रस शिजवणार नसेन तर ते कशाला येतील? सुरीपेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटते.

तुझी,
एर्सिलिया

ता. क. यंदाची कढई दोनाताची, हे तिला तूच सांग. माझ्या तोंडून निघणार नाही.

ता. क. दुसरा. खरं सांगू? धाकट्याने मागेच फोनवर हळूच विचारलं होतं, "आई, आत्याच्या घरच्या बाटल्या मिळतील? पोरं त्याच मागतात." म्हणून सांगते, मंगळवारी मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाही, तर तांब्याची कढई थोरल्याला, गळ्यातली साखळी नातीला, माझ्या उरलेल्या साठ बाटल्या पाद्रीबाबांना (ते कशालाच नावं ठेवत नाहीत). दोनाताच्या सगळ्या बाटल्या मुलांना. फक्त पाठवू नकोस. इथे येऊन न्या म्हणावं.