भिंत सुखरूप आहे, फक्त जागेवर नाही

प्रिय ओडेसाताई,

धाकट्या लूशसचा नमस्कार. तुझे गुडघे, तुझं चर्चमधलं गाणं आणि गॅलरीतल्या कुंडीतली भेंडी, तिन्ही ठीक असावीत. शिकागोच्या मातीत भेंडी धरते याचं मला अजून नवल वाटतं. इकडे मिसिसिपीत सगळं क्षेम आहे. मी बरा, कोंबड्या बऱ्या. घरही बरं आहे (घराबद्दल पुढे येईलच, घाई करू नकोस).

अल्बमचं सांगितलं तेव्हा तू फोनवर हसलीस. सत्तरी उलटल्यावर पहिला अल्बम म्हणजे म्हातारपणी दुधाचे दात, म्हणालीस. येऊ देत की! मी आणि इझेल प्रुइट, दोघंच. इझेल माउथ ऑर्गन वाजवतो (शाळेची बस चालवायचा तेव्हा फक्त रेल्वेच्या फाटकापाशी थांबला की वाजवायचा, आता निवृत्त झाल्यापासून त्याला फाटक लागत नाही), आणि मी भिंतीवरची तार. तीच ती, आईच्या नव्याकोऱ्या झाडूला गुंडाळलेली, तो उसवून तू काढलेली, अंगणाकडच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणून खाली बाटली सरकवलेली. तू उत्तरेला निघून गेलीस, तार मला राहिली, आणि झाडूबद्दलचा मारही माझ्याच वाट्याला आला. स्टुडिओ-बिडिओ काही नाही. इझेलचा टेपरेकॉर्डर आणि खिडक्यांना टेकवलेल्या गाद्या. फ्रिज घुरघुरतो म्हणून पिन काढली. गाणं झकास उतरलं, पिन लावायची राहिली, आणि ऑगस्टमधल्या आपल्या कुटुंबाच्या मेळाव्यासाठी ठेवलेल्या कॅटफिश मासळीकडे पाहून इझेलच्या कुत्र्यानेसुद्धा तोंड फिरवलं. असो. सात गाणी झाली, आठवं काही केल्या होईना. इझेल म्हणाला, सातावर थांबू. मी म्हणालो, आठवं नसेल तर अल्बमच नको. त्यावरून दोन दिवस अबोला.

अबोला सुटतोय तोच सुतारकाम करणारी बर्निस हजर. तिला तूच नेमलंस, बाहेरच्या भिंतींना प्लास्टिकचे पत्रे ठोकायला, सगळं गोत जमेल तेव्हा घराची शोभा व्हावी म्हणून. (हेतू चांगलाच होता, मी कुठे नाही म्हणतो?) पण पोरगी ठरल्यापेक्षा चांगली दोन आठवडे आधी आली. फळ्यांवर प्लास्टिक चढलं की तार मुकी होणार. आम्ही ती दुसरीकडे ताणून पाहिली. इझेलच्या विटांच्या घरावर ती बहिऱ्याशी कुजबुजल्यासारखी वाजली, आणि गोठ्याच्या पत्र्यावर पातेल्यात चमचा पडल्यासारखी. आपली भिंत बोलते ताई, तिच्या फळ्या वाळून हाडासारख्या झाल्यात आणि मागे पोकळी आहे. ती दुसरीकडून कुठून आणायची?

"लूशसकाका, तार काढा," बर्निस म्हणाली.

"एकच गाणं राहिलंय गं."

"ओडेसामावशी मला दिवसातून दोनदा फोन करतात. भिंत झाकली नाही तर त्या मलाच झाकतील!"

"आधी जेव, मग झाक," इझेल मध्ये पडला.

जेवली. मक्याची पोळी, शलगमाची भाजी, दोनदा वाढून घेतली. तेवढ्यात मी एक गाणं वाजवलं, आणि बाईसाहेबांचा पाय ओट्यावर ताल धरायला लागला. गाणं संपल्यावर तिने उठून भिंतीच्या फळ्यांवर बोटांनी टकटक करून पाहिलं. मग म्हणाली, "ही भिंत काही मी झाकायची नाही. पण मावशींना शब्द दिलाय, तेव्हा प्लास्टिक लागणारच." आणि गाडीतून करवत घेऊन आली.

ताई, उभी असशील तर बस. तू सांगितलंस तसंच प्लास्टिक लागलंय, तू निवडलेलं फिकट पिवळं. रस्त्यावरून बघणारा म्हणेल, काय देखणं घर! फक्त अंगणाच्या बाजूला त्याच्या मागे फळ्या नाहीत. फळ्या बर्निसच्या ट्रेलरवर आहेत, तारेसकट, खिळ्यांसकट, सरळ उभ्या. मागची पोकळीसुद्धा तिने चौकट ठोकून तशीच ठेवलीय. छपराला आतून दोन भक्कम खांब दिलेत. छप्पर तसूभर हललेलं नाही (मी खाली उभा राहून खात्री केली, इझेलने बाहेर उभा राहून). शनिवारी आम्ही ती भिंत पेंडीच्या दुकानापुढे नेऊन वाजवली. चर्चच्या डीकनची बायको म्हणाली, "लोक गिटार घेऊन हिंडतात, लूशस, तू घरच घेऊन हिंडायला लागलास!" पण उठून गेली नाही, शेवटपर्यंत बसली.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जप.

तुझा,
लूशस

ता. क. तुझा पलंग अंगणाकडच्या त्याच खोलीत घातलाय. भिंतीला टेकून मात्र बसू नकोस. रात्री वारा छान लागतो.

ता. क. दुसरा. आता खरं ते लिहितो. आठवं गाणं म्हणजे आई शेतावरून यायच्या आधी तू वाजवायचीस ते. मी वाजवलं की मांजर रडतं, बोल उमटत नाहीत. मी नुसता ऐकायला बसायचो, म्हणून मला ते फक्त ऐकता येतं. इझेलचं म्हणणं, "ओडेसाला बोलाव. शिव्या देत येईल, पण येईल." तेव्हा मेळाव्याच्या आठवडाभर आधी ये. तोवर भिंत ट्रेलरवरच राहील, मग बर्निस ती होती तशी ठोकून देणार आहे. आणि रागवायचं असेल ते आधी फोनवर रागावून घे. इथे आल्यावर तुझा हात फक्त तारेवर चालायला हवा.