तीन वाजताची उपासना

रविवार, ३ मे

उपासना संपल्यावर पाळकांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. सतरा तारखेला वकील येणार – आमच्याच चर्चमधला, माझा जुना मित्र. देशाचा कारभार हाती घेतल्यावर पहिली उपकारस्तुती आपल्याच चर्चमध्ये करायची, असं तो स्वतः म्हणालाय म्हणे. "आणि ऑर्गनवर मास्तरच हवेत, असा निरोप आहे."

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी उगाच चष्मा पुसत बसलो.

आमच्या रंगाचा माणूस त्या खुर्चीत बसला! निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी मी रडलो होतो. शाळेत चाळीस वर्षं मुलांना संगीत शिकवलं, एकदाही कुणासमोर रडलो नव्हतो. त्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला साबण लावलेला असताना रडलो.

मंगळवार, ५ मे

आज ऑर्गन उघडून साफ केला. माडीवरचा, ऑर्गनपुढचा पडदा अजून तसाच आहे, फक्त रंग उडालाय.

पडद्याचं लिहून ठेवतो, नाहीतर माझ्याबरोबरच जाईल. तेव्हा सकाळची उपासना गोऱ्यांची आणि दुपारी तीनची आमची. देव तोच, बाक तेच, प्रभुभोजनाचा प्याला मात्र वेगळा. त्यांचा ऑर्गनवाला आजारी पडला आणि दुसरा कुणी मिळेना, तेव्हा मला बोलावलं. वाजवणारा काळा आहे हे दिसू नये म्हणून पडदा. मी मागच्या जिन्यानं वर जायचो, त्याच जिन्यानं उतरायचो. एकदा एक बाई पाळकांना म्हणाली, "आज ऑर्गन अगदी स्वर्गातून आल्यासारखा वाटला." मी तिच्या डोक्यावर आठ फुटांवर होतो.

आणि तरी – इथे खोटं लिहून काय उपयोग – मला त्या दिवसांची आठवण येते. अपमानाची नाही, तीन वाजताची. बायको पहिल्या ओळीत. वकील तेव्हा नुसता कारकून होता, मधलं बटण तुटलेला कोट घालून यायचा. वरच्या पट्टीत त्याचा सूर हमखास चढा लागायचा. मी वरून पाय आपटायचो आणि तो खालून हसायचा. बाहेर आम्हाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. आत गाताना मात्र छप्पर उडेल की काय असं वाटायचं.

आता सगळी उपासना सकाळी. पंखे आहेत, माइक आहे. छप्पर जागच्या जागी असतं.

रविवार, १० मे

संध्याकाळी रेडिओवर वकिलाचं भाषण. लेक दवाखान्यातून ड्युटी संपवून नुकतीच आली होती. नर्सचे बूटही काढले नव्हते.

सुरुवात छान. मग म्हणाला, सीमेपलीकडून आलेले लोक आपली कामं घेताहेत, दवाखान्यातल्या खाटा अडवताहेत. त्यांनी परत जावं. "ही भूमी देवानं आपल्याला दिली आहे."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. हे वाक्य मी आधी ऐकलंय. पडद्यामागून. जुन्या गोऱ्या पाळकांच्या तोंडून.

लेकीनं रेडिओ बंद केला. "हा तुमचा वकील."

मी त्याची बाजू घेतली. म्हटलं, त्याच्यावर दबाव असतील, चहूकडून ओढाताण असते, तुला काय माहीत. बराच वेळ बोललो. ती बूट सोडत ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, त्या लोकांची उपासना आपल्याकडे किती वाजता असते?"

मी कप उचलून आत ठेवून आलो.

तीन वाजता. मागच्या हॉलमध्ये. ते आमच्यापेक्षा काळे, त्यांची बोली वेगळी. दोन वर्षांपूर्वी पंचकमिटीनं ठरवलं – हॉल रिकामाच असतो, त्यांचीही सोय होईल. त्या कागदावर पाच सह्या आहेत. दुसरी माझी.

सोमवार, ११ मे

प्रार्थनेला बसलो. शब्द आले नाहीत.

गुरुवार, १४ मे

कमिटीत विषय काढला. त्यांना सकाळी आपल्याबरोबर बसू द्या, म्हटलं. सुतार म्हणाला, "मास्तर, त्यांची गाणी वेगळी, आपली वेगळी. त्यांनाच अवघडल्यासारखं होईल." सुतार मनानं वाईट नाही. माझ्या बायकोची शवपेटी त्यानंच केली, एका रात्रीत. म्हणून तर जास्त लागलं.

पाळक म्हणाले, "आत्ता नको. वकीलसाहेब येताहेत."

चार विरुद्ध एक.

रविवार, १७ मे

सगळं नीट लिहायचंय.

उपासनेआधी वकील एकटाच वर आला. रक्षक जिन्याखाली थांबले. पोट सुटलंय, कोट भारी. पडद्याला हात लावून म्हणाला, "हा अजून आहे?"

"बसा ना," म्हटलं.

"मला अहो-जाहो करतोस?"

मग दोघंही हसलो. मी बायकोचं सांगितलं, त्यानं आईचं. दोन मिनिटं जुनाच तो. मग मी भाषणाचं काढलं. तो खालच्या बाकांकडे बघत राहिला. "निवडून यायला बोलावं लागतं रे. माझ्या मनात तसं नाही."

"मनात नसताना बोललास, ते जास्त वाईट."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी प्रार्थना कर." आणि खाली गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी वाजवलं. शेवटच्या गीताला त्यानं सूर लावला – वरच्या पट्टीत, तसाच चढा. माझा पाय आपोआप आपटला. त्यानं वर बघितलं. मला ऑर्गनच्या पट्ट्या दिसेनात. काय करू? त्याच्यावर माझा जीव आहे. आणि त्याचा मला रागही येतो. दोन्ही एकाच छातीत.

गाड्या गेल्या. मी घरी गेलो नाही. तीन वाजता हॉलमध्ये गेलो. तिथल्या जुन्या पियानोवर फुलदाण्या ठेवल्या होत्या. त्या उतरवल्या. बोलणं थांबलं, सगळे बघत राहिले. त्यांच्याकडे गीतांची पुस्तकं नाहीत, सगळं तोंडपाठ. मला स्वरच सापडेना. पिवळ्या स्वेटरमधली एक बाई शेजारी येऊन उभी राहिली आणि मला सापडेपर्यंत तीच ओळ गुणगुणत राहिली. पाच वेळा. सहाव्यांदा सापडला.

मग सगळे गायले. छपराकडे बघायचं धाडस झालं नाही.

सोमवार, १८ मे

पाळकांना सांगून आलो, यापुढे दोन्ही उपासनांना वाजवणार. म्हणाले, "मास्तर, वयाचा विचार करा." म्हटलं, पूर्वीही दोन्हींना वाजवायचो.

रविवार, २४ मे

तीनच्या उपासनेला सुतार आला होता. दारातच उभा राहिला, आत आला नाही. पण गीत संपेपर्यंत हललाही नाही. घरी येताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

शनिवार, ३० मे

लेकीनं जेवताना सांगितलं. तिच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारा आहे, सीमेपलीकडचा. त्याच्याशी लग्न करायचंय. तीन वर्षं झाली म्हणे ओळखीला. सांगायची भीती वाटत होती.

"भीती? कुणाची?" मी विचारलं.

"तुमची, बाबा."