वर्कशॉपचा नारळ

सोपानआबा,

परवा आपल्या सरकारी कॉलेजच्या नव्या वर्कशॉपचं ओपनिंग होतं. मुलींना जॉब मिळतील या उत्साहात मी तुमच्या हातातला नारळ घेऊन पाहुणे म्हणून आलेल्या कंपनीच्या साहेबांना फोडायला दिला. वर मीच तुम्हाला म्हणाले, "आजोबा, प्लीज साइडला थांबा." तुम्ही हसलात. "व्हय पोरी, थांबतो की."

कॉलेजला जमीन तुम्ही दिलीत, इथला प्रत्येक नारळ तुम्हीच फोडता, हे मला, इथे नव्याने आलेल्या शिक्षिकेला, नंतर कळलं.

आज वेल्डिंगच्या बॅचला आपल्या गावातली, निघोज्यातली एकही मुलगी आली नाही. तुमच्या नातीला, उत्कर्षाला फोन केला. म्हणाली, "मॅडम, कॉलेज आता कंपनीचं झालं, असं गाव म्हणतंय."

हे पत्र तुम्हाला देणार नाही. अपमान सगळ्यांसमोर केला. माफी अशी गुपचूप मागायची लाज वाटते.

तुमच्या कॉलेजातली,
सई